टाळू (तान्ह्या बाळाची)

तान्ह्या बाळाच्या डोक्यावर, कपाळाच्या वरच्या अंगाला, कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात तेथील मऊ जागेस टाळू म्हणतात. (तोंडातील टाळूसाठीही मराठीत हाच शब्द आहे, येथे तिचा विचार केलेला नाही.) या जागी हाड नसले तरी मेंदू उघडा नसतो, कारण त्वचेखाली चिवट तंतुमय पडदा असतो. बाळ शांत निजलेले असताना जवळून पाहिल्यास नाडीच्या ठोक्याबरोबर ही जागा हलकेच वरखाली होताना दिसते.

जन्माच्या वेळी कवटीत अशा 6 जागा असतात. त्यांपैकी शंकरपाळ्याच्या आकाराची पुढची टाळू सर्वांत मोठी असून ती बहुधा 12 ते 18 महिन्यांत भरून येते; मागची त्रिकोणी टाळू 2-3 महिन्यांतच बंद होते. दोन्ही बाजूंच्या उरलेल्या चार जागा सहसा कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

प्रसूतीच्या वेळी ही सुटी हाडे एकमेकांवर किंचित सरकतात आणि डोके अरुंद जननमार्गातून बाहेर येऊ शकते. मात्र टाळूचे खरे महत्त्व जन्मानंतरच्या वाढीत आहे. जन्मतः सुमारे 35 सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षभरात 46 सेंटिमीटरच्या आसपास जातो, आणि या काळात आतला मेंदू आकाराने जवळजवळ दुप्पट होतो. चिंपांझीच्या पिल्लाचा मेंदू जन्मतःच प्रौढ मेंदूच्या सुमारे 40 टक्के असतो. माणसाच्या बाळात हे प्रमाण 30 टक्क्यांहून कमी असते. म्हणजेच मेंदूची बरीचशी वाढ माणसाने गर्भाशयाबाहेर नेली आहे, आणि ती डोळ्यांदेखत, आवाज, स्पर्श व बोलणे यांच्या सहवासात होते.

हे का घडले, याची जुनी मांडणी अशी की दोन पायांवर चालण्यामुळे कटिर (कमरेच्या हाडांचा सांगाडा) अरुंद राहिले, मेंदू मात्र मोठा होत गेला, आणि या ओढाताणीत नैसर्गिक निवडीने लवकर होणाऱ्या जन्माच्या बाजूने कौल दिला. अलीकडच्या काही संशोधकांच्या मते वाढत्या गर्भाची ऊर्जेची गरज आईच्या शरीराला पुरवता येणार नाही इतकी होते, ही मर्यादा अधिक निर्णायक आहे. दोन्ही कारणे एकत्र काम करत असणे अधिक संभवनीय वाटते. दक्षिण आफ्रिकेतील ताउंग येथे 1924 मध्ये सापडलेल्या ऑस्ट्रॅलोपिथेकस या प्राचीन मानवसदृश प्राण्याच्या बालकाच्या कवटीत कपाळाची शिवण (हाडांमधील सांधा) उशिरापर्यंत उघडी होती, असा दावा 2012 मध्ये केला गेला. तो खरा असता, तर ही पद्धत 20 लाख वर्षांहून जुनी ठरली असती. परंतु त्या निष्कर्षावर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत.

महाराष्ट्रात बाळाला न्हाऊ घालताना टाळूवर तेल जिरवतात, त्यास टाळू भरणे म्हणतात. या हळुवार स्पर्शात गैर काही नाही, पण टाळू तेलाने भरत नाही. कडांकडून नवे हाड वाढत येते तेव्हाच ती भरते, म्हणून जोर लावून दाबण्याची गरज नसते. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले की टाळू खोल जाते. शांत, बसत्या स्थितीतील बाळाची टाळू फुगलेली आणि ताणलेली दिसली, तर कवटीतील दाब वाढल्याची शंका घेऊन तातडीने डॉक्टरांकडे जावे.

टाळू कधी भरावी, हे बऱ्याच अंशी जनुके ठरवतात. हाड घडवणाऱ्या पेशींना चालना देणारे आरयूएनएक्स2 हे जनुक सहाव्या गुणसूत्रावर असते. त्याच्या दोन प्रतींपैकी एक सदोष असल्यास टाळू वर्षानुवर्षे उघडी राहू शकते आणि गळ्याजवळची हाडे इतकी अपुरी वाढतात की काही जणांना दोन्ही खांदे छातीपुढे एकमेकांजवळ आणता येतात. हा दोष प्रभावी (एका प्रतीतूनही प्रकट होणारा) असल्याने बाधित आई किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते. याउलट दहाव्या गुणसूत्रावरील एफजीएफआर2 या जनुकातील काही बदलांमुळे कवटीच्या शिवणी अकाली जुळतात आणि वाढत्या मेंदूला जागा अपुरी पडते. अशाच एका विकारात, एपर्ट संलक्षणात, हा बदल बहुतेकदा आईवडिलांत नसतो, तर वडिलांच्या शुक्रपेशीत नव्याने झालेला असतो. त्यामुळे आईच्या खाण्यापिण्याला किंवा मालिशीला बोल लावण्यास काहीही आधार नाही. अशा बाळांच्या कवटीवर सहसा पहिल्या वर्षाच्या सुमारास शस्त्रक्रिया करून मेंदूला वाढण्यास वाव करून देतात.