मोरोक्कोच्या लढाया आणि एका मतदारयादीची पार्श्वभूमी

स्वातंत्र्यानंतर मोरोक्कोने केलेल्या बहुतेक लढायांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : देशाची हद्द कुठवर? १९५६ साली फ्रेंच गेले, उत्तरेचा पट्टा स्पेनने सोडला. पण सेउता-मेलिया ही दोन शहरे, नैऋत्येचे इफ्नी, त्याखालची तारफायाची पट्टी आणि त्याच्याही खालचा सगळा पश्चिम सहारा (पुढे नुसता ‘सहारा’) स्पेनने आपल्याकडेच ठेवला. पूर्वेच्या सरहद्दीचा मोठा भाग तर कधी आखलाच गेला नव्हता. अल्जेरिया हा आपलाच प्रांत आहे असे फ्रेंच धरून चालले होते, त्यामुळे वाळवंटात रेघ ओढायची त्यांना गरज वाटली नव्हती. त्याच वर्षी स्वातंत्र्य चळवळीतल्या एका ज्येष्ठ नेत्याने ‘थोरल्या मोरोक्को’ची कल्पना मांडली. तीत अल्जेरियाचा पश्चिम भाग, सगळा मॉरिटानिया, मालीचा तुकडा आणि पश्चिम सहारा येत होता. दोनच वर्षांत राजघराण्यानेही सहारावरचा दावा आपला म्हणून जाहीर केला.

पहिली लढाई इफ्नीची. नोव्हेंबर १९५७ मध्ये मुक्तिसैनिकांच्या तुकड्यांनी स्पॅनिश ठाण्यांवर हल्ले केले. राजाचे नियमित सैन्य त्यात उघडपणे उतरले नव्हते. फेब्रुवारी १९५८ मध्ये स्पेन आणि फ्रान्सने एकत्र मोहीम काढून हा उठाव मोडला. पुढे तारफाया मोरोक्कोला मिळाली, इफ्नीसाठी १९६९ उजाडले. या लढाईची एक बाजू सहसा नोंदली जात नाही. तीत सहारातल्या टोळ्यांची, म्हणजे सहारावी, माणसे मोठ्या संख्येने होती आणि पराभवानंतर त्यांतली अनेक कुटुंबे उत्तरेला, दक्षिण मोरोक्कोत येऊन राहिली. पस्तीस वर्षांनी ‘सहारावी कोण’ हा प्रश्न निघाला तेव्हा या स्थलांतराची गाठ सोडवता सोडवता सगळेच थकले. त्याकडे पुढे येऊच.

१९५८-५९ मध्ये उत्तरेकडच्या रिफच्या डोंगरात स्वतःच्याच नागरिकांवर सैन्य चालवले गेले. ऑक्टोबर १९६३ मध्ये हासी बेदा आणि तिंजूब या ठाण्यांवरून अल्जेरियाशी ‘वाळूचे युद्ध’ झाले. अल्जेरियाला स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. काही आठवड्यांत बामाकोत शस्त्रसंधी झाली. सरहद्दीचा करार १९७२ साली झाला खरा, पण मनातली अढी गेली नाही. वसाहतकाळातल्या सीमा जशाच्या तशा मान्य कराव्यात, असे आफ्रिकी देशांनी १९६४ मध्ये ठरवले. मोरोक्कोला ते मान्य नव्हते, आणि अल्जेरियाने तर त्याच तत्त्वाला आपल्या धोरणाचा पाया केले. १९७३ मध्ये गोलान टेकड्यांवर आणि १९७७ मध्ये झैरेत मोरोक्कोचे सैनिक लढले, पण ती दुसऱ्यांची युद्धे होती. मोरोक्कोचे स्वतःचे युद्ध १९७५ साली सुरू झाले आणि ते अजून संपलेले नाही.

स्पेनचा हुकूमशहा मरणपंथाला लागला होता आणि स्पेनला सहारा सोडायचा होता. मे १९७३ पासून सहारावींची एक तरुण आघाडी, पोलिसारियो (पुढे नुसती ‘आघाडी’), स्पॅनिश ठाण्यांवर छापे घालत होती. १९७४ मध्ये स्पेनने शिरगणती केली. तीत सहारावी भरले सुमारे ७४ हजार. पुढल्या वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाचे पथक तो मुलूख हिंडून आले आणि लोकांचा कौल प्रचंड बहुमताने स्वातंत्र्याकडे आहे, असा अहवाल त्याने दिला. दरम्यान मोरोक्कोच्या आग्रहावरून हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सल्ल्यासाठी गेला होता.

इथे एका शब्दापाशी थांबायला हवे. तो शब्द म्हणजे ‘बैअत’, सुलतानाला वाहिलेली राजनिष्ठेची शपथ. मोरोक्कोचे म्हणणे असे की स्पेन १८८४ मध्ये येण्याआधी सहारातल्या टोळ्या सुलतानाला बैअत देत होत्या, म्हणजेच तो मुलूख सुलतानाचा होता. मोरोक्कोच्या जुन्या राज्यव्यवस्थेत दोन प्रकारचे प्रदेश असत. ‘बिलाद अल-मख्झन’मध्ये सरकारचा अंमल चाले आणि करवसुली होई. ‘बिलाद अस-सीबा’तल्या टोळ्या सुलतानाला धर्मप्रमुख म्हणून मानत, पण कर देत नसत आणि त्याचे अधिकारीही बसू देत नसत. सहारा फार तर या दुसऱ्या प्रकारात बसत होता. मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगायला नको. १७१९ च्या सनदा स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी अशा वेगवेगळ्या होत्या. चौथाईचा मुलूख म्हणजे स्वराज्य, असे कोणी म्हटले नाही.

न्यायालयाने १६ ऑक्टोबर १९७५ रोजी नेमका हाच भेद केला. स्पेन आला तेव्हा हा मुलूख बेवारस नव्हता. काही टोळ्या आणि सुलतान यांच्यात निष्ठेचे नाते होते. पण ते प्रदेशावरच्या सार्वभौमत्वाचे नाते नव्हते, आणि लोकांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काला बाधा आणील असे तर मुळीच नव्हते. राजाने त्याच दिवशी या मतातला निष्ठेचा भाग उचलला, न्यायालयाने आपला दावा मान्य केला असे देशाला सांगितले आणि साडेतीन लाख लोकांचा हरित मोर्चा जाहीर केला. मुसलमानी कायद्यात बैअत हेच सार्वभौमत्व, असा त्यामागचा युक्तिवाद होता. तो प्रामाणिकपणे मानणारे मोरोक्कोत तेव्हाही बहुसंख्य होते, आजही आहेत. पण निकालपत्र वाचल्यावर त्यातून तसा अर्थ निघत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

६ नोव्हेंबरला मोर्चेकरी कुराण आणि झेंडे घेऊन तारफायाहून सीमेपलीकडे गेले. त्यांची छायाचित्रे जगभर छापली गेली. त्याच्या सहा दिवस आधी, ३१ ऑक्टोबरला, मोरोक्कोचे सैन्य ईशान्येकडून सहारात शिरले होते. त्याची छायाचित्रे कोणाकडे नाहीत. १४ नोव्हेंबरला माद्रिदमध्ये करार झाला आणि स्पेनने प्रशासन मोरोक्को व मॉरिटानियाच्या हवाली केले. सहारावींना कोणी विचारले नाही. बु क्राअच्या फॉस्फेट खाणीत स्पेनचा ३५ टक्के हिस्सा मात्र शाबूत राहिला.

१९७६ च्या सुरुवातीला हजारो सहारावी पूर्वेकडे पळाले. उम्म द्रेइगा इथल्या निर्वासितांच्या तळावर विमानांतून बाँब टाकले गेले. वाचले ते अल्जेरियातल्या तिंदूफजवळ पोचले आणि तंबू ठोकून राहिले. सहारातल्या अमगालाला जानेवारीत मोरोक्को आणि अल्जेरियाच्या सैनिकांची थेट गाठ पडली. त्यानंतर मात्र दोघांनीही समोरासमोर यायचे टाळले. २७ फेब्रुवारीला आघाडीने प्रजासत्ताकाची घोषणा केली.

पुढची काही वर्षे आघाडीची सरशी होती. वाळवंट तळहातासारखे ठाऊक असलेली माणसे लँडरोव्हरमधून शेकडो किलोमीटर येत, छापा घालत आणि नाहीशी होत. बु क्राअहून समुद्रापर्यंत फॉस्फेट वाहून नेणारा सुमारे शंभर किलोमीटरचा पट्टा त्यांनी वारंवार बंद पाडला. मॉरिटानियाच्या तर राजधानीवरच १९७६ मध्ये हल्ला झाला; १९७८ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि १९७९ च्या ऑगस्टमध्ये त्या देशाने युद्धातून अंग काढून घेतले. त्याने सोडलेला दक्षिणेचा भाग मोरोक्कोने काही दिवसांत आपल्यात सामील केला, आणि तिथल्या दाखला या शहराच्या टोळीप्रमुखांना राजापुढे आणून त्यांच्याकडून बैअत घेतली. पुन्हा तोच शब्द.

लढाईचे पारडे फिरवले ते भिंतीने. १९८० ते १९८७ या काळात मोरोक्कोने टप्प्याटप्प्याने वाळू आणि दगडांचे बांध घातले. आधी अल-अयून, स्मारा आणि बु क्राअ हा उपयोगाचा त्रिकोण बंद केला, मग एकेक पाऊल पूर्वेला सरकत सुमारे २,७०० किलोमीटरची रांग उभी केली. तीवर रडार, पुढे भूसुरुंग, मागे एक लाखाच्या आसपास सैनिक. मुलखाचा सुमारे चार पंचमांश भाग भिंतीच्या पश्चिमेला गेला. छापे घालणे दिवसेंदिवस महाग होत गेले आणि एवढे सैन्य पोसणे मोरोक्कोलाही परवडेना. ६ सप्टेंबर १९९१ रोजी शस्त्रसंधी झाली. जानेवारी १९९२ मध्ये सार्वमत घ्यायचे ठरले होते : स्वातंत्र्य की मोरोक्कोत विलीनीकरण?

ते सार्वमत झाले नाही. ते कशामुळे बुडाले हे समजायचे तर मतदारयादीत शिरावे लागते. आघाडीचे म्हणणे होते की १९७४ ची शिरगणती हीच यादी. मोरोक्कोचे म्हणणे होते की १९५८ नंतर उत्तरेला आलेले सहारावी आणि त्यांचे वंशज का वगळायचे? या म्हणण्यात तथ्य होतेच. पण त्याच्या आडून, ज्यांच्या पूर्वजांचा त्या मुलखाशी कधीतरी चराईपुरता संबंध आला होता अशा लाखभर लोकांचे अर्ज आले. डिसेंबर १९९१ मध्ये, राष्ट्रसंघाच्या मावळत्या महासचिवांनी कार्यकाळाच्या अखेरच्या दिवसांत पात्रतेचे निकष पाच केले : शिरगणतीतले, शिरगणतीतून सुटलेले, त्यांचे जवळचे कुटुंबीय, तिथे जन्मलेल्या बापाची मुले, आणि सहारावी टोळीतले असून त्या मुलखात सलग सहा किंवा तुटक बारा वर्षे राहिलेले.

माझ्या मते सार्वमताचा जीव तिथेच गेला. शेवटचे दोन निकष कागदावर न्याय्य दिसतात, पण भटक्या समाजात ‘सलग सहा वर्षे राहणे’ सिद्ध करायचे कसे? जन्मदाखले नाहीत, घरपट्टी नाही. मग दोन्ही बाजूंचे टोळीप्रमुख समोर बसवून तोंडी साक्षी घेतल्या जाऊ लागल्या. एकाने ‘ओळखतो’ म्हणायचे, दुसऱ्याने ‘नाही’. काम १९९४ मध्ये सुरू झाले, १९९६ मध्ये बंद पडले, पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाले. सगळ्यात कडवा वाद स्पॅनिश शिरगणतीतल्या तीन गटांवर झाला, ज्यांत उत्तरेच्या आणि किनाऱ्यावरच्या टोळ्या येत. त्यांतल्या सुमारे ५१ हजार लोकांच्या मुलाखती झाल्या आणि पात्र ठरले दोन हजारांच्या थोडे वर. एकूण यादी सुमारे ८६ हजारांची झाली. शिरगणतीच्या आकड्यापासून ती फार लांब नव्हती, म्हणजे ही यादी वापरता आली असती. पण अपात्र ठरलेल्यांकडून सव्वा लाखाहून जास्त अपिले दाखल झाली. प्रत्येक अपिलाला साक्षीदार आणि सुनावणी हवी. २००० सालानंतर सुरक्षा परिषदेने हा मार्गच सोडून दिला.

२००० च्याच जूनमध्ये भारतानेही आपली भूमिका बदलली. १ ऑक्टोबर १९८५ रोजी सहारावी प्रजासत्ताकाला दिलेली मान्यता काढून घेतली. आपल्या खतकारखान्यांना लागणारे खडक-फॉस्फेट आणि फॉस्फोरिक आम्ल मोठ्या प्रमाणात मोरोक्कोहून येते. ही गोष्ट त्या निर्णयाच्या शेजारी ठेवूनच पाहावी लागते.

जुलै २००२ मध्ये एका निर्जन खडकाळ बेटावरून मोरोक्कोची स्पेनशी आठवडाभर तणातणी झाली; एकही गोळी न झाडता स्पेनने ते परत घेतले. २००३ मध्ये पाच वर्षे स्वायत्तता आणि मग मतदान, अशी योजना आली. तीत मोरोक्कोतून येऊन स्थायिक झालेल्यांनाही मत होते, तरी आघाडीने ती स्वीकारली आणि मोरोक्कोने नाकारली. २००५ मध्ये आघाडीने शेवटचे ४०४ युद्धकैदी सोडले, त्यांतले काही जण वीस वर्षांच्या आसपास कैदेत होते. २००७ पासून मोरोक्कोच्या स्वायत्तता प्रस्तावात स्वातंत्र्याचा पर्याय मतपत्रिकेवर उरला नाही.

१३ नोव्हेंबर २०२० रोजी मॉरिटानियाच्या सरहद्दीजवळ गरगरातच्या नाक्यावर रस्ता अडवून बसलेल्या सहारावींना हटवायला मोरोक्कोचे सैन्य पुढे सरकले आणि २९ वर्षांची शस्त्रसंधी आघाडीने संपल्याचे जाहीर केले. महिन्याभरात अमेरिकेने मोरोक्कोचे सहारावरचे सार्वभौमत्व मान्य केले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अल्जेरियाने राजनैतिक संबंध तोडले. २०२२ मध्ये स्पेनही स्वायत्ततेच्या बाजूला गेला. आता भिंतीच्या पूर्वेला लँडरोव्हर चालवणे ड्रोनमुळे जिवावरचे झाले आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या सुरक्षा परिषदेच्या ठरावात वाटाघाटींचा आधार म्हणून स्वायत्ततेचाच प्रस्ताव धरला आहे.

तिंदूफजवळच्या छावण्यांना तिथल्या लोकांनी आपल्या गावांचीच नावे दिली आहेत : अल-अयून, स्मारा, दाखला, औसर्द, बुजदूर. १९७४ च्या शिरगणतीत ज्यांची मुले म्हणून नोंद झाली होती, ते आता त्या छावण्यांत आजोबा झाले आहेत.