आख्खा बंगला, हॉटेलची खोली आणि करातले ‘एकक’ : पार्श्वभूमी

सहकुटुंब सुट्टीला जाताना हॉटेलऐवजी घरच भाड्याने घेण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. १८६३ मध्ये भोर घाटातून आगगाडी धावू लागली, १९०७ मध्ये माथेरानची छोटी गाडी सुरू झाली आणि लोणावळा, माथेरान अशा थंड हवेच्या ठिकाणी धनिकांचे बंगले व ज्ञातिसंस्थांची सॅनिटोरियम, म्हणजे हवापालटासाठीची विश्रामगृहे, उभी राहिली. सॅनिटोरियममध्ये खोलीला लागून स्वयंपाकाची जागा मिळे, शिधा मात्र आपला आपण न्यायचा. कोकणात हे लोण बरेच उशिरा पोचले. १९९७ मध्ये दिवेआगरच्या एका वाडीत सोन्याचा गणेशमुखवटा सापडला, पर्यटकांची रीघ लागली आणि ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशा पाट्या नारळी-पोफळीच्या वाड्यांवर दिसू लागल्या.

सरकारी न्याहारी-निवास योजना या घरगुती सोयीसाठी आखल्या गेल्या. केंद्राच्या योजनेत एक ते सहा खोल्यांची मर्यादा आणि मालकाने त्याच घरात राहण्याची अट होती. कुलूप उघडून पूर्ण ताब्यात दिला जाणारा बंगला त्या चौकटीत बसत नव्हता, आणि २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यानंतर लोणावळा परिसरात मागणी वाढली ती नेमकी अशाच बंगल्यांना. २०२० च्या टाळेबंदीनंतर अनोळखी माणसांची गर्दी टाळू पाहणाऱ्या कुटुंबांची त्यात भर पडली.

खरा गुंता झाला तो वस्तू व सेवा कराने. १ जुलै २०१७ पासून निवासावरील कराचा दर ‘प्रतिएकक प्रतिदिन’ भाड्यावर ठरू लागला. आरंभी जाहीर दरपत्रक पाहिले जाई. जुलै २०१८ पासून प्रत्यक्ष घेतलेले भाडे धरले जाऊ लागले. १ ऑक्टोबर २०१९ पासून हजाराच्या वर व साडेसात हजारांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के अशी मांडणी आली. हॉटेलात एकक म्हणजे खोली, हे उघड आहे. बंगला मात्र एकत्रच भाड्याने दिला जात असल्याने सगळा मिळून एकच एकक ठरतो, मग त्यात कितीही माणसे राहोत.

आजी-आजोबांसह दहा जणांच्या कुटुंबाने तीन हजारांच्या चार खोल्या घेतल्या, तर बारा हजारांवर १२ टक्क्यांनी १,४४० रुपये कर होत असे. तेवढ्याच भाड्याच्या बंगल्यावर १८ टक्क्यांनी २,१६०. माणशी बाराशे रुपये दोन्हीकडे सारखेच, तरी चैनीच्या वरच्या टप्प्यात गणले गेले ते एका छपराखाली राहणारे कुटुंब. खोलीचा दर डोळ्यांपुढे ठेवून आखलेली मर्यादा घराला जशीच्या तशी लावण्याचा हा निर्णय मोठ्या कुटुंबांवर अन्याय करणारा आहे, असेच म्हणावे लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये खालचा दर ५ टक्क्यांवर आला, वरचा तसाच राहिला. त्यामुळे याच उदाहरणात हॉटेलचा कर ६०० रुपयांवर उतरला आणि बंगल्याचा २,१६० वरच थांबला.

यात आणखी एक पोटनियम आहे. वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या मालकाला सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. म्हणून त्याच्याकडे थेट फोन करून घर ठरवले तर हा कर लागत नाही. तेच घर बुकिंग करून देणाऱ्या संकेतस्थळावरून ठरवल्यास कर भरण्याची जबाबदारी त्या संकेतस्थळावर येते आणि ती रक्कम ग्राहकाच्या बिलात उतरते. केअरटेकरचा नंबर नातेवाइकांत हातोहात फिरतो, त्यामागे ओळखीइतकाच हा फरकही आहे. अर्थात जेवण माणशी किती, जादा गाद्यांचे वेगळे पैसे पडतात का आणि अनामत परत केव्हा मिळते, हे फोनवर ज्याचे त्याने विचारून घ्यावे लागते. हॉटेलात यातले बरेचसे दरपत्रकावरच असते.