शोधसूचना-संकलन

ऑनलाइन दुकानाच्या शोधपेटीत ग्राहकाने दोन-तीन अक्षरे टाइप करताच तिच्याखाली जे पर्याय उलगडतात, त्यांना शोधसूचना म्हणतात. अशा सूचना पद्धतशीरपणे गोळा करून आपल्या मालाच्या नावात व वर्णनात ग्राहकाच्याच तोंडचे शब्द वापरण्याची रीत म्हणजे शोधसूचना-संकलन. विक्रेते तिला सरसकट ‘कीवर्ड काढणे’ म्हणतात. पैठणची पैठणी, छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल किंवा वसमतची हळद घरबसल्या देशभर विकू पाहणाऱ्या मराठवाड्यातील छोट्या विक्रेत्याला बाजाराची भाषा कळण्याचे हे सर्वांत स्वस्त साधन आहे.

शोधपेटीत प्रत्येक कळ दाबल्यावर, किंवा टाइप करणारा क्षणभर थांबल्यावर, तोवरची अक्षरे दुकानाच्या सर्व्हरकडे जातात आणि तेथून त्या अक्षरांनी सुरू होणारे साधारण दहा शब्दसमूह परत येतात. लाखो शब्दसमूहांतून हे क्षणार्धात शोधता यावेत म्हणून ते बहुधा अक्षरागणिक फांद्या फुटणाऱ्या वृक्षरचनेत साठवलेले असतात. या रचनेला एडवर्ड फ्रेडकिन यांनी १९६० मध्ये ‘ट्राय’ हे नाव दिले. ते ‘रिट्रीव्हल’ या शब्दाच्या मधल्या अक्षरांवरून घेतलेले असून फ्रेडकिन स्वतः त्याचा उच्चार ‘ट्री’ असा करीत, पण रूढ झाला तो ‘ट्राय’. सूचनांची सवय सर्वसामान्य वापरकर्त्याला लागली ती गूगलने डिसेंबर २००४ मध्ये प्रयोग म्हणून आणलेल्या ‘गूगल सजेस्ट’पासून. दुकानांच्या शोधपेटीतील सूचना मात्र माहितीच्या शोधातून नव्हे, तर खरेदीच्या शोधातून आलेल्या असतात, आणि विक्रेत्याला त्यांचे मोल वाटते ते याचमुळे.

संकलनाची कृती सोपी आहे. ‘पैठणी’सारखा एक बीजशब्द घ्यावा, त्यापुढे जागा सोडून रोमन वर्णमालेतील एकेक अक्षर जोडावे आणि प्रत्येक वेळी खाली आलेले पर्याय उतरवून घ्यावेत. एका अक्षराने २६ याद्या मिळतात. दोन अक्षरे जोडत गेल्यास त्या ६७६ होतात. इथवर आल्यावर हाताने लिहिणे कंटाळवाणे होते आणि छोट्या प्रोग्रामची मदत घेतली जाते. दोन-चार वाणांच्या विक्रेत्याला मात्र वही-पेन आणि एक संध्याकाळ पुरते.

खरी अडचण लिपीची आहे. मराठी ग्राहक बोलतो मराठीत, पण शोधपेटीत पुष्कळदा रोमन अक्षरे टाइप करतो, आणि त्या लेखनाला कोणताही प्रमाण नियम नाही. ‘पैठणी’तील ठकारासाठी कोणी ‘टी’नंतर ‘एच’ घालतो, कोणी घालत नाही. ‘हिमरू’च्या शेवटी कोणी दोन ‘ओ’ लिहितो, तर कोणी एक ‘यू’. यातील प्रत्येक रूप वृक्षाच्या वेगळ्या फांदीवर जाते, म्हणून बीजशब्द एक न धरता त्याची चार-पाच रूपे धरावी लागतात. देवनागरीतही गुंता आहेच. मराठी ‘साडी’तील ड आणि हिंदी ‘साड़ी’तील टिंब असलेला ड़ डोळ्यांना जवळजवळ सारखे दिसतात, तरी संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरे आहेत. ‘हिमरू’ टाइप करताना वेलांटी पडद्यावर ‘ह’च्या आधी दिसते, पण साठवली जाते ‘ह’च्या नंतर; त्यामुळे पहिली विचारणा नुसत्या ‘ह’ची होते आणि ‘हळद’ व ‘हिमरू’ या दोन्ही वाटा तोवर खुल्या असतात.

गावांच्या नावांचेही तसेच आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, परंतु सूचना या लोकांच्या मागील शोधांवरून बनत असल्याने शासनाच्या अधिसूचनेने जुनी नावे तेथून एका रात्रीत जात नाहीत. दोन्ही नावांनी शोधून पाहणे शहाणपणाचे.

विणकराचे शब्द आणि गिऱ्हाइकाचे शब्द यांतले अंतर तर याहून मोठे आहे. विणकर पदराला असावली, बांगडी-मोर, मुनिया अशा नावांनी ओळखतो. ही नावे ठाऊक नसलेले गिऱ्हाईक रंग, किंमत आणि प्रसंग यांवरून शोधते: लग्नासाठी, हिरवी, अमुक रुपयांच्या आतली. मोंढ्यात हळकुंडाचा भाव चालतो, तर शहरातील स्वयंपाकघर हळद पावडर मागते. वर्णनात दोन्ही शब्द असावेत. केवळ यादीच्या मागे लागून कारागिराचे शब्द गाळणे हे नुकसानच होय, कारण जाणकार गिऱ्हाईक नेमके तेच शोधत येते.

सूचनांचा क्रम पाहून मागणी मोजू नये. एखादा शब्द किती वेळा शोधला गेला, हा आकडा सूचनांबरोबर मिळत नाही. शिवाय क्रमावर शोधणाऱ्याचा पूर्वेतिहास, ठिकाण व निवडलेला विभाग यांचा परिणाम होऊ शकतो. म्हणून खात्यातून बाहेर पडून ब्राउझरच्या खासगी खिडकीत शोधावे आणि यादीवर तारीख टाकावी. नवरात्रापूर्वी ‘कवड्यांची माळ’ शोधणाऱ्यांचा ओघ आणि लग्नसराईतील पैठणीचा ओघ एकाच महिन्यात सापडणार नाही.

प्रोग्रामने सूचना काढताना दुकानाच्या वापरअटी वाचणे आवश्यक असते, कारण अनेक दुकाने स्वयंचलित विचारणांना मनाई करतात. विचारणांचा भडिमार झाल्यास सर्व्हर ‘४२९’ हा संकेतांक देऊन त्या अडवतो. संगणक-यंत्रणेतून परवानगीवाचून माहिती उतरवून घेण्याची दखल माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये आहे. काही दुकाने नोंदणीकृत विक्रेत्यांना शोधशब्दांचे अहवाल स्वतःच देतात. ते मिळत असल्यास वरची सारी खटपट बरीचशी अनावश्यक ठरते.

यादीतला प्रत्येक शब्द आपल्या मालाला लागू पडतोच असे नाही. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, आणि ‘हातमाग’ किंवा ‘शुद्ध रेशीम’ हे शब्द सूचनांत वर दिसले म्हणून यंत्रमागावरील कृत्रिम धाग्याच्या साडीला ते चिकटवणे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत मोडू शकते.