प्रेमसंबंधातील हिंसा-प्रतिबंध शिक्षण (ग्रामीण विदर्भ)

लग्नाआधीच्या प्रेमसंबंधात होणारी मारहाण, लैंगिक जबरदस्ती, धमक्या, पाळत आणि बदनामी टाळण्यासाठी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दिले जाणारे शिक्षण. शहरात ‘डेटिंग’ हा शब्द रुळला आहे. चिमूर, आर्वी किंवा उमरखेडकडे मात्र ‘तिचं त्याच्याशी बोलणं चालू आहे’ एवढेच म्हणतात. तेच नाते गावाच्या तोंडी ‘लफडं’ होते. ज्या नात्याला धड नाव नाही त्यातला त्रास कोणत्या शब्दांत सांगायचा, इथूनच या शिक्षणाची सुरुवात होते.

येथील प्रेम बहुतांशी मोबाइलवर चालते. प्रत्यक्ष भेट एसटी स्टँडवर, नाहीतर झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, गर्दीत. त्यामुळे हिंसाही आधी फोनवरच दिसते : रात्री बारा वाजता ऑनलाइन कशी होतीस, पासवर्ड का देत नाहीस, त्या पोट्ट्याशी का बोललीस. यापुढची पायरी म्हणजे फोटो आणि स्क्रीनशॉट. ‘तुझ्या घरी सांगतो’ ही धमकी फुकटची, पण सर्वांत जास्त चालणारी. कारण घरी कळले की मुलीचे कॉलेज बंद होते आणि स्थळे पाहणे सुरू होते. जात वेगळी असेल तर भीती दुप्पट. मुलांच्या बाजूने (कधी मुलींच्याही) येणारी दुसरी धमकी ‘मी औषध पितो’ ही. कापसाच्या पट्ट्यात औषध म्हणजे फवारणीचे, आणि ते घरोघरी असते. म्हणून ही धमकी पोकळ मानून चालत नाही. अशा वेळी नात्यात अडकून राहायचे नाही आणि ओझे एकटीने वाहायचेही नाही; धमकी देणाऱ्याच्या घरच्यांना कळवायचे, ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यायचा, हे सत्रात शिकवावे लागते.

३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला तिचा पाठलाग करणाऱ्याने भररस्त्यात पेटवले. १० फेब्रुवारीला तिचा मृत्यू झाला. बरोबर दोन वर्षांनी आरोपीला जन्मठेप सुनावली गेली. अशा गुन्ह्यांना वर्तमानपत्रे सर्रास ‘एकतर्फी प्रेम’ म्हणतात. पाठलागाला प्रेम म्हणण्याची ही सवय मोडणे, हे प्रस्तुत लेखकाच्या मते अर्धे काम आहे.

परदेशात या विषयावर बरेच प्रयोग झाले. अमेरिकेतील ‘सेफ डेट्स’ हा शालेय कार्यक्रम नॉर्थ कॅरोलायनाच्या ग्रामीण भागातच आकाराला आला. तिथल्याच ‘ग्रीन डॉट’ या कार्यक्रमाने पाहणाऱ्यांनी मध्ये पडण्यावर भर दिला. कॅनडातील विद्यापीठांत घेतलेल्या प्रतिकार-प्रशिक्षणाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात बलात्काराला बळी पडलेल्या विद्यार्थिनींचे प्रमाण प्रशिक्षित गटात ५.२ टक्के, तर इतरांत ९.८ टक्के होते. मात्र २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा) ३८ अभ्यास तपासूनही हिंसा कमी झाल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. विद्यार्थ्यांची माहिती तेवढी किंचित वाढली होती. महाराष्ट्रात ‘मावा’ (मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज) या संस्थेने २००६ पासून ‘युवा मैत्री’ उपक्रमात कॉलेजच्या मुलांनाच संवादक म्हणून घडवले. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांनी शरीर, आकर्षण आणि जबाबदारी यांवर मोकळेपणाने बोलायची वाट घालून दिली.

बहुतेक कॉलेजांत मात्र हा विषय ८ मार्चच्या व्याख्यानात उरकला जातो. रांगोळी, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचे भाषण. मागच्या बाकावरची मुले बसच्या वेळेला उठून जातात. त्यापेक्षा राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर बरे, कारण तिथे कोणाला बस गाठायची नसते. चिठ्ठ्यांचा खेळ तिथे चांगला रंगतो. ‘त्याने माझा फोन तपासला’, ‘तिने मित्रांसोबत जाऊ दिले नाही’ अशा चिठ्ठ्या ‘जीव लावणे’ आणि ‘पाळत ठेवणे’ या दोन डब्यांत टाकायच्या. पहिल्या दिवशी फोन तपासण्याची चिठ्ठी हमखास जीव लावण्याच्या डब्यात पडते, मुलींकडूनही. आणि खरी चर्चा तिथूनच सुरू होते. मुलांसाठी वेगळा सराव असतो : मित्र कोणाच्या मागे लागला असेल तर त्याला चारचौघांत न झापता टपरीवर चहाला नेऊन कसे थांबवायचे.

कायद्याची माहिती थोडक्यात पुरते. नकार स्पष्ट असूनही पाठलाग किंवा वारंवार संपर्क करणे, स्त्रीच्या इंटरनेट वापरावर नजर ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा विवाह, कुटुंब किंवा ‘विवाहसदृश’ नात्यांनाच लागू असल्याने नुसत्या प्रेमसंबंधाला त्याचे संरक्षण सहसा मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती हवी आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधीही हवेत. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. प्रथम वर्षाला अठरा पूर्ण न झालेल्या मुलीही असतात. त्यांच्यावरील लैंगिक अत्याचार कळल्यास पोक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणून ‘इथे सांगितलेले इथेच राहील’ असे सरसकट वचन संवादकाला देता येत नाही, आणि हे त्याने पहिल्या सत्रातच, कोणी बोलायला सुरुवात करण्याआधी सांगायचे असते.