मेलाटोनिन आणि गुंगीचं सिरप: दोन्ही एकच नव्हेत

ऑटिझम असलेलं मूल रात्री झोपत नाही म्हटलं की दोन नावं एका दमात सुचवली जातात: सर्दीचं गुंगी आणणारं सिरप आणि मेलाटोनिन. दोन्ही 'झोपेचीच औषधं', असं समजून पालक एकाच्या जागी दुसरं देतात. हे ऐकून मी खरोखर कंटाळले आहे.

सिरप सगळ्यांच्या ओळखीचं. प्रोमेथाझिनसारखं ॲलर्जीचं औषध, त्याने पेंग येते. दोन वर्षांखालच्या बाळांना ते देऊच नये. श्वास मंदावून मृत्यू झाल्यामुळे अमेरिकेत २००४ पासून तसा ठळक इशारा आहे. काही मुलं पेंगण्याऐवजी उलट जास्तच उधळतात. रोजच्या झोपेसाठी ते मला साफ नामंजूर आहे.

मेलाटोनिनचं काम वेगळं. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी हे संप्रेरक सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचा निरोप मिळतो. मुलाला आडवं पाडणं हे त्याचं काम नव्हे, आणि घोळ होतो तो इथेच. साडेदहा वाजलेत, ट्यूबलाइट लख्ख, पोर सोफ्यावर उड्या मारतंय, मोबाइलवर तेच कार्टून पुन्हा चालू, आणि बाबा घाईघाईने गोळी देतात. अकराला 'काही उपयोग नाही' म्हणून आणखी एक! गोळी सांगते रात्र झाली, घर सांगतं दिवस आहे. डोस वाढवून हे भांडण मिटत नाही. गोळी झोपायच्या वेळेआधी अर्धा ते एक तास द्यायची, आणि तेव्हापासून दिवे मंद, पडदे बंद.

दुसरं म्हणजे, साधं मेलाटोनिन शरीरातून लवकर ओसरतं. झोप लागायला त्याची मदत होते, पण पहाटे दोनला उठून बसणाऱ्या मुलाला ते फारसं पुरत नाही. त्यासाठी सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या असतात. युरोपात २०१८ मध्ये ऑटिझम असलेल्या २ ते १८ वयोगटासाठी अशा छोट्या गोळ्यांना मान्यता मिळाली. त्या चुरून दुधात घातल्या की सावकाशपणा संपला.

अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीच्या २०२० च्या मार्गदर्शनातही आधी झोपेच्या सवयी आणि इतर कारणं, मग मेलाटोनिन, तेही १ ते ३ मिलिग्रॅमपासून. बद्धकोष्ठता, घोरणं, आम्लपित्त, लोहाची कमतरता, फिट्स हे आधी तपासून घ्या. डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: दिवे कधी मालवले, डोळा कधी लागला, जाग कधी आली.