कथाचर्चा

कथाचर्चा म्हणजे कथाकारांनी एकमेकांच्या अप्रकाशित कथा वाचून त्यांच्या घडणीविषयी केलेली चर्चा. ती समीक्षेहून वेगळी आहे. समीक्षकासमोर छापून आलेली, लेखकाच्या हातून सुटलेली कथा असते, तर कथाचर्चेत समोर असतो तो अजून बदलता येण्याजोगा खर्डा. त्यामुळे कथा चांगली की वाईट यापेक्षा ती कोणाच्या नजरेतून सांगितली आहे, नेमकी इथूनच का सुरू होते आणि एखादा परिच्छेद काढला तर तिचे काही अडते का, हे प्रश्न इथे महत्त्वाचे ठरतात.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात 1936 मध्ये सुरू झालेल्या लेखन-कार्यशाळेमुळे या चर्चेला विद्यापीठीय रूप आले. कथेच्या प्रती आधी वाटायच्या, सर्वांनी त्या वाचून यायचे आणि चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचे, ही पद्धत या कार्यशाळेच्या नावाने ओळखली जाते. छापलेल्या कथेसोबत लेखक खुलासे करायला जाऊ शकत नाही, मग त्याने इथेही करू नयेत, हा त्यामागचा विचार आहे. मात्र गटातील बहुसंख्य एकाच सामाजिक थरातले असले, तर ज्याचे जग इतरांना अनोळखी आहे नेमक्या त्याच लेखकाचे तोंड या नियमाने बंद होते, हा आक्षेपही तितकाच रास्त आहे.

मराठीत ही चर्चा बैठकीपेक्षा पत्रांतून आणि हस्तलिखिताच्या समासातून अधिक झाली. ना. सी. फडके यांनी ललित लेखनाच्या तंत्राची पद्धतशीर मांडणी केली होती; पुढे 1945 च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने आखीव कथानक व शेवटची कलाटणी यांवरचा भर कमी केला. तयार साचा गेला की चर्चा अवघड होते, कारण मग प्रत्येक कथा तिच्याच अटींवर तपासावी लागते. हे काम मुंबईत, गिरगावातल्या खटाववाडीतून निघणाऱ्या ‘सत्यकथा’ मासिकाने दीर्घकाळ केले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तिचे संपादक आलेली कथा ‘साभार परत’ करून मोकळे होत नसत. कथेत काय साधले आहे आणि कुठे हात आखडला आहे, हे तपशिलाने कळवून ते पुनर्लेखन सुचवीत. नवख्या लेखकाच्या दृष्टीने असे पत्र म्हणजे कथेचा पहिला खरा वाचक होता.

अशा चर्चेचे स्वरूप एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. कथेचा निवेदक आठ वर्षांचा मुलगा आहे आणि तो सांगतो, ‘बाबांच्या चेहऱ्यावर अपराधीपणाची छटा उमटली.’ वाचणारा या वाक्यापाशी थांबतो, कारण ही छटा मुलाला दिसलेली नसून लेखकाला दिसलेली आहे. मुलाला फार तर एवढेच दिसेल की, बाबांनी त्या दिवशी न मागता चार आणे दिले आणि देताना ते खिडकीबाहेर बघत होते. दुसरा वाचक म्हणतो की निवेदक आता मोठा झालेला असून तो आठवून सांगतो आहे, तेव्हा मूळ वाक्य चालेल. इथे वाद एका वाक्यापुरता उरत नाही. बोलणारा मुलगा आहे की मुलाला आठवणारा प्रौढ, हे लेखकाने ठरवलेलेच नव्हते, असे ध्यानात येते आणि ते ठरवले की बाकीची वाक्येही हलू लागतात. याउलट ‘भाषा आणखी प्रवाही हवी होती’ यासारखा अभिप्राय कोणत्याही कथेला लावता येतो, म्हणून तो कोणत्याच कथेच्या उपयोगी पडत नाही.

निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, ही वाटणी मराठी कथेत बराच काळ गृहीत धरली गेली. ग्रामीण आणि दलित लेखकांनी ती प्रश्नांकित केली. पात्राची बोली अवतरणचिन्हांत बंदिस्त राहिली की सांगणारा आपोआप पात्रांहून वरच्या पायरीवर उभा राहतो, हा या प्रश्नाचा गाभा. म्हणजे जी गोष्ट तंत्राची वाटत होती ती प्रतिष्ठेचीही होती. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने आणि त्याच्या लेखक-वाचक मेळाव्यांनी दलित लेखकांना अशा चर्चेसाठी स्वतःची जागा दिली. लघुनियतकालिकांच्या, म्हणजे प्रस्थापित मासिकांना पर्याय म्हणून काढलेल्या छोट्या अंकांच्या, चळवळीतील तरुणांचा ‘सत्यकथे’वरचा रोष तर इतका होता की 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘सत्यकथे’चा अंक जाहीरपणे जाळला. चोखंदळ संपादन आणि एकाच अभिरुचीची मक्तेदारी यांतली रेषा किती पातळ असते, हे त्या पुनर्लेखनाच्या पत्रांकडे बघतानाही विसरता येत नाही.

‘सत्यकथा’ 1982 मध्ये बंद पडली. त्यानंतर मराठी कथेचा मोठा आधार दिवाळी अंकांचा राहिला. परंतु ठरलेल्या मुहूर्तावर निघणाऱ्या अंकाला कथा दोनदा परत पाठवून तिसऱ्या खर्ड्याची वाट पाहणे क्वचितच परवडते. खर्डा वाचण्याचे काम त्यामुळे बव्हंशी लेखकाच्या मित्रमंडळींकडे आणि साहित्यसंस्थांच्या एक-दोन दिवसांच्या कार्यशाळांकडे गेले. यांपैकी मित्र सहसा दुखवायला कचरतात आणि कार्यशाळेत एका कथेच्या वाट्याला बहुधा काही मिनिटेच येतात.