सपाट तळाच्या होडीत दोन सेंटीमीटर पाणी

प्लायवूडचे दोन तक्ते आणा, कापा, सांधे चिकटवा आणि रविवारी संध्याकाळी होडी पाण्यात सोडा, असे सांगणारे व्हिडिओ हल्ली पुष्कळ फिरतात. मला ते आवडतात. स्वतःच्या हाताने वस्तू घडवून पाहणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, आणि गोव्यात घरामागे खाडी असताना एखाद्याला होडी करावीशी वाटली नाही तरच नवल. पण या व्हिडिओंत एक गोष्ट हटकून राहून जाते. होडी तरंगेल का, याची काळजी सगळे घेतात. ती सरळ राहील का, हे कुणी सांगत नाही.

तरंगण्याचा हिशेब सोपा आहे. ८ बाय ४ फुटांच्या दोन तक्त्यांतून साधारण २.२ मीटर लांब आणि १ मीटर रुंद तळाची होडी निघते. पुढचे निमुळते तोंड सोडून देऊ आणि तिला सरळ खोके समजू. होडी ४० किलोची, आत दोन माणसे १४० किलोची, एकूण वजन १८० किलो. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे तिने १८० लिटर पाणी बाजूला सारले की झाले. त्यासाठी ती फक्त ८ सेंटीमीटर बुडते. पुढे दर २२ किलोला आणखी एक सेंटीमीटर. चोडण-दिवाडी बेटांच्या फेरीबोटी आणि मांडवी नदीतल्या खनिज वाहणाऱ्या बार्जेस सपाट तळाच्या का, याचे उत्तर इथेच आहे. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. सकाळी जिथे खोल पाणी होते तिथे दुपारी रेव उघडी पडते, आणि अशा पाण्यात कमी बुडणारी होडीच कामाची.

आता तोल. तळ सपाट आहे म्हणजे होडी टेबलासारखी घट्ट बसणार, असा सर्वसाधारण समज आहे. पण टेबलाला जमीन असते. होडीखालचे पाणी तिच्या कलण्याबरोबर सरकते. शिवाय आत माणसे बसली की सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य, म्हणजे सगळे वजन जिथे एकवटले असे धरता येते तो बिंदू, पाण्याच्या पातळीच्या बराच वर जातो. वर जड आणि खाली पाणी, तरी होडी उलटत नाही. का?

होडी उजवीकडे कलली की उजवी बाजू जास्त बुडते आणि डावी वर येते. बाजूला सारलेल्या पाण्याचा आकार बदलतो आणि त्याचा मध्यबिंदूही उजवीकडे सरकतो. प्लावक बल, म्हणजे पाण्याचा वर ढकलणारा रेटा, त्या सरकलेल्या बिंदूतून वर ढकलते, म्हणजे बुडालेल्या बाजूलाच उचलून धरते. या बलाची उभी रेषा होडीच्या मध्यरेषेला जिथे छेदते तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. ही कल्पना १७४६ मध्ये पिएर बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडली. त्याआधी पृथ्वीचा आकार मोजण्याच्या मोहिमेवर त्याने अँडीज पर्वतात अनेक वर्षे काढली होती. समुद्रापासून इतक्या उंचीवर राहून आलेल्या माणसाने जहाजांच्या तोलाचे कोडे सोडवावे, याचे मला अजून अप्रूप वाटते.

नियम एवढाच: गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या खाली असेल तर होडी सरळ होते, वर गेला तर कलंडते. खोक्याच्या आकाराच्या होडीत मेटासेंटर काढणेही सोपे आहे. रुंदीच्या वर्गाला, बुडालेल्या खोलीच्या बारा पटीने भागायचे, आणि आलेल्या आकड्यात त्या खोलीचा निम्मा भाग मिळवायचा. आपल्या होडीत हा बिंदू तळापासून सुमारे १.०६ मीटर उंचीवर येतो. पाव मीटर उंचीच्या फळीवर दोघे बसले तर गुरुत्वमध्य सुमारे ४३ सेंटीमीटरवर असतो. म्हणजे ६३ सेंटीमीटर शिल्लक. दोघेही उभे राहिले की गुरुत्वमध्य ७८ सेंटीमीटरवर चढतो आणि शिल्लक २८ वर येते.

याच होडीची रुंदी १ मीटरऐवजी ७० सेंटीमीटर ठेवली तर? वजन तेवढेच, पण आता ती १२ सेंटीमीटर बुडते आणि मेटासेंटर घसरून ४१ सेंटीमीटरवर येतो. गुरुत्वमध्य ४३ वर आहे. फळीवर बसल्या जागीच होडी कलंडेल. रुंदी तीस टक्क्यांनी कमी केली आणि सगळे गेले, कारण वजन तेच असताना सावरण्याची शक्ती रुंदीच्या घनावर ठरते, आणि ०.७ चा घन जेमतेम ०.३४ भरतो. अरुंद होडीत फळीवर न बसता तळाला टेकून बसायचे, त्यामागे हे गणित आहे.

पण मला खरे सांगायचे आहे ते यापुढचे. जुलैत गोव्यात तासाभरात २० मिलिमीटर पाऊस पडणे ही काही बातमी नव्हे. मिलिमीटरमधला पाऊस म्हणजे सपाट भांड्यात साठणाऱ्या पाण्याची उंची, आणि आपली होडी नेमकी सपाट भांडे आहे. एका सरीत तिच्यात दोन सेंटीमीटर पाणी जमते, आतली लांबी-रुंदी बाहेरच्यापेक्षा थोडी कमी धरली तर साधारण ३९ लिटर. पायाचे घोटेसुद्धा बुडत नाहीत. ते वजन अगदी तळाशी असल्यामुळे होडी उलट जास्त स्थिर होईल, असे वाटण्याचा संभव आहे.

घडते मात्र वेगळेच. होडी उजवीकडे कलली की बाहेरचे पाणी तिला सरळ करायला निघते, आणि आतले पाणी धावत उजव्या कडेला जाऊन तिला आणखी खाली दाबते. दोन्हीकडचे गणित एकच आहे, फक्त दिशा उलट. बाहेरच्या पाण्याची मदत होडीच्या रुंदीच्या घनावर ठरते, आतल्याचा घात आतल्या पाण्याच्या रुंदीच्या घनावर. सपाट तळाच्या होडीत या दोन रुंद्या जवळजवळ सारख्या! आकडे घालून पाहू. जास्त वजनामुळे मेटासेंटर ८९ सेंटीमीटरवर आला, गुरुत्वमध्य ३६ वर, म्हणून शिल्लक ५३ दिसते. पण आतल्या मोकळ्या पाण्याचा फटका बसतो सुमारे ७० सेंटीमीटरचा. शिल्लक उणे झाली. तेच ३९ लिटर पाणी निमुळत्या तळाच्या होडीत मधल्या अरुंद पन्हळीत साठले असते आणि फारसा त्रास झाला नसता. जी रुंदी सपाट होडीला सांभाळते, तीच आत पाणी आले की तिला उलटवते.

होडी लगेच पालथी होत नाही, हेही खरे. अडीच अंशांच्या आसपास कलल्यावर वरच्या बाजूचा तळ कोरडा पडू लागतो, पाणी एका कडेला गोळा होते आणि पुढे त्याचा परिणाम कमी होत जातो. होडी थोडी कललेली राहते. डावीकडे दाबली तर तेवढीच डावीकडे जाऊन पडते. धोका असतो तो याच क्षणी, कारण आतला माणूस घाबरून उभा राहतो.

उपाय स्वस्त आहे. तळाच्या मधोमध, पुढून मागपर्यंत, चार-पाच सेंटीमीटर उंचीची लाकडी पट्टी पक्की चिकटवा. पाण्याचे दोन भाग झाले, प्रत्येकाची रुंदी निम्मी झाली. निम्म्याचा घन एक अष्टमांश, असे दोन भाग, म्हणजे घात एक चतुर्थांशावर आला. ७० चे सुमारे १७ झाले आणि शिल्लक पुन्हा ३६ सेंटीमीटरच्या आसपास. तीच पट्टी पातळ तळाला ताठपणाही देते. घरी मुलांना दाखवायचे असेल तर प्लास्टिकचा चौकोनी पसरट डबा टबात तरंगवा, मधोमध एक उभी जड बाटली ठेवा आणि डब्यात हळूहळू पाणी घाला. डबा एका बाजूला झुकतो, बोटाने ढकलला तर दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो. मग मध्ये आडोसा चिकटवून तेवढेच पाणी दोन्ही कप्प्यांत घाला आणि फरक बघा.

मोठ्या जहाजांनाही हा नियम सुटलेला नाही. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुगे बंदराबाहेर ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरी पुढचा दरवाजा उघडा राहिल्याने काही मिनिटांत कलंडली आणि १९३ माणसे गेली. गाड्या ठेवायच्या रुंद, विनाआडोशाच्या डेकवर पाणी मोकळे फिरले होते. ओल्या लोहखनिजाची बारीक भुकटी हलवली की द्रवासारखी वाहू लागते, म्हणून खनिजाच्या वाहतुकीत ओलाव्याचे प्रमाण तपासावे लागते. जुलै २००९ मध्ये मंगळुरूहून अशी भुकटी घेऊन निघालेले ‘एशियन फॉरेस्ट’ हे जहाज कलून बुडाले.

एवढे सगळे मोजता येत असताना ‘इथे नदी दरवर्षी माणूस घेते’ असे कुणी म्हटले की मला राग येतो. नदी काही मागत नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ जरूर द्या, ती कृतज्ञता आहे. पण होडीच्या तोंडाला लिंबू-मिरची बांधून आतले पाणी उपसायचे टाळणे, याला श्रद्धा म्हणता येणार नाही. ‘कधीच न बुडणारी होडी’ अशी जाहिरात करणाऱ्यांनाही रुंदी आणि गुरुत्वमध्याचे आकडे विचारावेत.

सामानाबद्दल थोडक्यात. घरातल्या कपाटांचे साधे प्लाय नको. त्याचा गोंद पाण्यात सुटतो आणि थर उलगडतात. आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का असलेले मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडा इपॉक्सीने पूर्ण बंद करा, कारण पाणी शिरते ते कडेनेच. खाऱ्या पाण्यात टेरेडो हा लाकूड पोखरणारा प्राणी असतो. दिसतो अळीसारखा, पण तो शिंपल्यांच्या कुळातला. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसते आणि आत बोटभर लांब बिळे असतात. आपल्याकडे लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावतात ते अशा किडींपासून बचावासाठीच. वापर नसेल तेव्हा होडी पाण्यात ठेवू नका. किनाऱ्यावर ओढून पालथी घाला, म्हणजे टेरेडोही लागत नाही आणि पाऊसही साठत नाही.

दोन्ही टोकांच्या फळ्यांखाली हवाबंद कप्पे करा किंवा थर्मोकोल भरा. पन्नास लिटर थर्मोकोल जवळपास पन्नास किलोचा आधार देते, म्हणजे होडी पाण्याने भरली तरी दोघांना तिला धरून राहता येते. लाइफ जॅकेट अंगात हवे, फळीखाली नको. नदीत उतरण्याआधी बंदर कप्तान खात्याकडे नियमांची चौकशी करा. आणि उपसायला एक डबा दोरीने होडीलाच बांधून ठेवा. आत एक सेंटीमीटर पाणी दिसले की वल्हे बाजूला ठेवून बसल्या बसल्या उपसायला लागा.